बाहुलीकाराची आठवण काचेच्या कपाटात ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२१ मार्चला जागतिक बाहुलीनाट्य दिन असतो. दिवंगत बाहुलीकाराच्या फोटोला हार पडतो, शिष्य चार शब्द बोलतात आणि गुरूंच्या बाहुल्या एखाद्या शाळेला किंवा ग्रंथालयाला समारंभपूर्वक भेट दिल्या जातात. तिथे त्या काचेच्या कपाटात बंद होतात. दोन पावसाळ्यांनी ते कपाट उघडून पाहावे.

कागदाच्या लगद्याचे डोके बहुधा मैद्याच्या खळीवर बांधलेले असते, आणि खळ हे झुरळांचे, उंदरांचे आवडते खाणे. जुने कारागीर म्हणून तर खळीत मोरचूद घालत. (ते विषारी आहे. मुलांच्या शिबिरात फेविकॉलच वापरावा.) बंद कपाटात ओल धरली की रंगाखालचा खडूचा लेप फुगतो, पोपडे सुटतात. मग कुणीतरी हौसेने त्यावर ऑइलपेंट फासतो आणि दिव्याच्या उजेडात चेहरा इतका चकाकतो की नाकडोळे दिसतच नाहीत. सुटलेला पोपडा काढून कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, खडूची पूड आणि पातळ केलेला फेविकॉल यांचे दोन हलके हात द्यावेत आणि वर मॅट रंग लावावा. वाळवायचे मात्र सावलीत. मे महिन्यात नागपुरातल्या गच्चीवर ठेवलेले डोके वरून लगेच कडक होते, आतला थर ओलाच राहतो आणि गालावर भेग पडते. दुरुस्तीची शिबिरे उन्हाळी सुटीत घेण्याची पद्धत त्यामुळे सोयीची असली तरी चुकीची आहे, फेब्रुवारी उत्तम.

कळसूत्री बाहुलीचा खरा घात दोऱ्यांत होतो. नऊ दोऱ्यांची नेहमीची मांडणी अशी: डोक्याला २, खांद्यांना २, हातांना २, गुडघ्यांना २ आणि पाठीला १. वजन खांद्यांच्या दोऱ्यांनी पेलायचे, डोक्याच्या दोऱ्यांनी फक्त मान हलवायची. खांद्याची दोरी थोडी जरी सैल बांधली गेली तरी सगळा भार डोक्यावर येतो, मान वळेनाशी होते आणि शेवटी कानशिलाचा आकडाच उपटून येतो. दुरुस्ती करणारे बहुतेकदा सगळ्या दोऱ्या एकदम कापून मोकळे होतात. तसे केले की गुरूंचे अर्धे काम कचऱ्यात गेले म्हणून समजा, कारण बाहुली कशी चालायची हे त्या दोऱ्यांच्या लांबीतच नोंदलेले असते. आधी बाहुली टांगावी, दोऱ्या जिला बांधलेल्या असतात त्या वरच्या लाकडी फुलीपासून प्रत्येक गाठीपर्यंतचे माप पुठ्ठ्यावर लिहावे आणि मग एकेक दोरी बदलावी, खांद्यांपासून सुरुवात करून. दोरा काळा, मेण लावलेला सुती घ्यावा. नायलॉन चमकतो, गाठ सोडतो आणि गुंडाळी विसरत नाही. गाठीवर गोंदाचा थेंब बाहुली चालवून पाहिल्यावरच टाकावा.

राजस्थानी कठपुतळीला फुली नसते. तिच्या डोक्यावरून निघालेली दोरी चालवणाऱ्याच्या बोटांवरून परत बाहुलीच्याच कमरेला जाते. तिला फुली लावून ‘सुधारणारे’ महाभागही आहेत!

हातमोज्याच्या बाहुलीत डोके शाबूत आणि कापड विरलेले असे नेहमी आढळते. नवा मोजा शिवताना काखेत कापड सढळ सोडावे. ते आखडले की अंगठा आणि मधले बोट जवळ येत नाहीत आणि बाहुलीला टाळीसुद्धा वाजवता येत नाही. मोजा कोपरापर्यंत पोचलाच पाहिजे, नाहीतर पडद्यावर मनगट दिसते.

ठेवताना बाहुलीला स्वतःभोवती चार-पाच फेरे द्यावेत म्हणजे दोऱ्यांचा एकच पीळ होतो, आणि सुती पिशवीत घालून टांगावे. प्लॅस्टिक नको. चामड्याच्या छायाबाहुल्या मात्र सपाट ठेवाव्यात, मध्ये कागद घालून.

हे सगळे करूनही बाहुलीकाराच्या हाताची लकब जपायची राहतेच. बाहुलीनाट्याचे जवळजवळ सगळे व्हिडिओ प्रेक्षकांतून काढलेले असतात. त्यात बाहुली दिसते, मनगट दिसत नाही. अहमदाबादच्या दर्पण अकादमीत मेहेर कॉन्ट्रॅक्टर यांनी शिकवले. त्यांच्याकडे शिकलेले दादी पदमजी पुढे युनिमा या बाहुलीनाट्याच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. आपल्याच राज्यात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या घराघरांतून पुढे चालवल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे विद्या हातातून हातात गेली.

नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, मूर्तिकारांची चितारओळी आहे, मारबतीच्या मिरवणुकीसाठी बांबू आणि कागदाचे अवाढव्य सांगाडे उभारणारे हात आहेत. सामान आणि कसब दोन्ही शहरातच आहे. आमची मागणी दोनच गोष्टींची: भेट मिळालेल्या बाहुल्या ज्या संस्थांकडे आहेत त्यांनी त्या दरवर्षी फेब्रुवारीत दुरुस्तीला बाहेर काढाव्यात आणि मार्चमध्ये त्यांचा एक तरी खेळ करावा. आणि आज जे ज्येष्ठ बाहुलीकार खेळ करू शकतात, त्यांचे चित्रण दोन कॅमेऱ्यांनी व्हावे, एक समोरून आणि एक पडद्यामागून, थेट हातांवर रोखलेला.

— काही बाहुली कलावंत, नागपूर