बूट फाटकाबाहेर काढणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्या दादांना

दादा,

पावती फाडून झाली, पैसे पोचले, तुमच्या हिशेबी विषय संपला. आमच्या हिशेबी तो संपत नाही, म्हणून हे जाहीर आभार. नाव लिहीत नाही, कारण तुम्हीच बजावलंत, "नाव टाकलंत तर अर्धं पुणं फुकट सल्ला विचारायला येईल."

आमच्या कासवाच्या, दगडूच्या कुंपणात माश्या हटेनात म्हणून तुम्हाला बोलावलं. आलात तेव्हा पाठीवर पंप होता, तोंडाला रुमाल होता. सवयीने फाटक उघडून धरलं, तर तुम्ही उंबऱ्यावरच थांबलात. आत दगडू जमिनीला तोंड लावून हरळी खात होता. तुम्ही पंप उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवलात आणि बूट काढायला बसलात. "सकाळपासून दोन घरं मारून आलोय, तळव्यांना औषध असणार. हे जनावर जमिनीवरचं खातंय." मग नळावर कोपरापर्यंत हात धुतलेत, साबणाने, दोनदा. पॅंट दुमडलीत आणि भाद्रपदातल्या त्या चिखलात अनवाणी गेलात. आत पहिलं काम कोणतं केलंत? पाण्याची परात उचलून बाहेर ठेवलीत.

यातलं काहीच तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांची नावंही लिहीत नाही, त्यांचं कारण वेगळं आहे. पहिले गृहस्थ बुटांसकट कुंपण ओलांडून गेले आणि "हर्बल आहे, लहान मुलांनाही चालतं" म्हणत विटांच्या कडेने पट्टा मारून आले. हर्बल कसलं, तर शेवंतीच्या कुळातल्या फुलापासून निघणारं पायरेथ्रम. फुलातून आलं तरी ते मज्जातंतूंवरच चालतं, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांना त्याचा त्रास होतो. दुसऱ्यांनी डायक्लोरव्हॉसची बाटली काढली, तीही जुन्या साठ्यातली. या औषधावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, हे त्यांना आठवून द्यावं लागलं. तिसऱ्यांनी साखरेत घोळलेले रंगीत दाणे भुरभुरले. माशीसाठी ते विष, आणि लाल-पिवळं दिसलं की तोंड मारणाऱ्या कासवासाठी खाऊ. दाणे वेचता वेचता संध्याकाळ झाली. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की हे जनावर खातं काय आणि कुठून.

तुम्ही नेमकं तेच विचारलंत. काकडी, टोमॅटो, वर पपईची फोड, हे ऐकून तुमची भुवई वर गेली ती अजून आठवते. दगडू सल्काटा जातीचा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं, गवतावर जगणारं कासव. त्याला पाणीदार फळभाज्या घातल्या की शी पातळ होते, शेपटीला आणि मागच्या पायांना चिकटते, आणि माश्यांना दुसरं आमंत्रण लागत नाही. ऐंशी टक्क्यांच्या वर हरळी आणि वाळलेलं गवत, वर जास्वंदीची नाहीतर तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग, एवढ्यावर आठ-दहा दिवसांत शी घोड्याच्या लिदीसारखी सुकी पडायला लागली. निम्म्या माश्या तिथेच कमी झाल्या. तुमच्याकडच्या कुठल्याही बाटलीने हे झालं नसतं, आणि ही गोष्ट बाटल्या विकणाऱ्या माणसाने सांगावी याचं अप्रूप वाटतं.

मग उकिडवे बसून तुम्ही कडेची एक वीट उचललीत. खाली सुक्या मातीत गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोश, वीस-पंचवीस तरी. अळी ओल्यात वाढते, पण कोश करायला सरकत सरकत सुक्या कडेला जाते. फवारा उडणाऱ्या माशीला लागतो, विटेखालच्या कोशाला त्याची झळही पोचत नाही, म्हणून फवारून गेल्यावर चार दिवसांनी पुन्हा तेवढ्याच माश्या. तुम्ही कोश तळहातावर ठेवून दाखवलेत तेव्हा महिनाभराचा वैताग एका क्षणात उलगडला. कडेची बोटभर खोल माती काढून टाकली, उरलेली ताडपत्रीवर पसरून दोन दिवस उन्हात दिली, विटा सिमेंटने बसवून घेतल्या. ऊन दोन दिवस सलग मिळालं हे मात्र नशीब.

आठवड्यातून एकदा कुंपण झाडतो, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तुम्ही हसून बोटं मोजलीत. या हवेत घरमाशीचं अंडं दिवसाच्या आत फुटतं, आणि अंड्यापासून उडती माशी व्हायला ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे आठवड्याची सफाई ही माश्यांची एक आख्खी पिढी सुखरूप मोठी करायची सोय. आता शी सकाळ-संध्याकाळ उचलली जाते, पिशवीत गाठ मारून झाकणाच्या डब्यात. लघवीबरोबर पडणारा पांढरा खडूसारखा भाग आणि त्याखालची ओली मातीही खुरप्याने जाते. उरलेला पाला दुपारी एकनंतर कुंपणात राहत नाही.

चिलटांचं कोडं वेगळंच निघालं. ती खाण्यावर असतील असा सगळ्यांचा समज. तुम्ही अंघोळीच्या मोरीच्या जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी उलटी, चिकट बाजू खाली करून लावायला सांगितलीत, हवेला थोडी फट ठेवून. सकाळी तिला पतंगासारख्या केसाळ पंखांच्या नऊ माश्या चिकटलेल्या. त्या मोरीतल्या बुळबुळीत थरात वाढत होत्या. लांब दांड्याच्या ब्रशने पाइप आतून खरवडला, वर उकळतं पाणी, हे सलग पाच दिवस. फिनाईल ओतायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण दगडूला भिजवायचं टब त्याच मोरीवर रिकामं होतं, आणि फिनाईलची वाफ सरपटणाऱ्या प्राण्याच्या फुप्फुसाला सोसत नाही. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा नसतो, धड खोकता येत नाही. आत गेलेलं बाहेर टाकायचं कसं? कडुनिंबाचा धूर, कापूर, सिट्रोनेला यांनाही म्हणूनच नाही म्हणायचं, कितीही देशी आणि सात्त्विक वाटले तरी.

सापळ्याची जागा चुकली होती हेही तुम्हीच दाखवलंत. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा तिसरा भाग कापून उलटा खोचलेला, आत दोन चमचे गूळ, चिमूटभर यीस्ट, जरासं सुकट, वर चार बोटं पाणी. सापळा उत्तम, टांगलेला मात्र थेट कुंपणावर. आमिषाच्या वासाने गल्लीभरच्या माश्या दगडूच्या डोक्यावर गोळा होत होत्या. तो सहा-सात मीटर लांब, मागच्या भिंतीपलीकडे उन्हात नेला आणि फरक दोन दिवसांत कळला. चिकट कागद तर तुम्ही स्वतः काढून टाकलात. त्यावर माश्यांआधी पाली आणि सरडे चिकटतात. इग्वाना किंवा गेको पाळणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आता हिरव्या माशीचं. घरमाशी शीवर येते. हिरवी-निळी चकाकणारी माशी जखमेवर आणि माखलेल्या कातडीवर येते. अशी एक माशी दगडूच्या शेपटीभोवती सारखी घुटमळत होती, ती उकिडव्या बसलेल्या तुम्हालाच दिसली. पाय बाजूला करून पाहिलं, तर शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखा पांढरा पुंजका. अंडी होती, अजून फुटली नव्हती. तुम्ही म्हणालात, "हे माझं काम नाही, आत्ता डॉक्टरकडे न्या." आपलं काम कुठे संपतं हे ओळखणारी माणसं किती भेटतात? ज्याच्या हाती पंप तो सगळ्यालाच फवारतो, हा आपल्याकडचा अनुभव.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलेल्या, उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुऊन मऊ टूथब्रशने पुंजका काढला होता. पुढे त्यांनी फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ पोव्हिडोन आयोडीन लावलं. तीन दिवस घरात, जाळीखाली, पांढऱ्या टॉवेलवर ठेवायला सांगितलं. पांढरा अशासाठी की एखादी अळी पडली तर दिसावी. दर बारा तासांनी शेपटीचं मूळ, मागच्या पायांच्या घड्या, मान आणि कवचाच्या भेगा तपासायच्या.

याआधी एका जनावरांच्या दवाखान्यात किडे हा शब्द ऐकताच आयव्हरमेक्टिनची सुई भरायला घेतली होती, हे इथे लिहून ठेवतो. शेळीला, कुत्र्याला ते चालतं. कासवाला मारतं. गोठ्यातला टर्पेंटाईनचा बोळाही कासवाला लावायचा नाही.

निवाऱ्याच्या दाराला सव्वा मिलिमीटर भोकांची नायलॉन जाळी बसली आहे, खाली चुंबकाची पट्टी. कुंपणावर वरून जाळी टाकलेली नाही, कारण बारीक जाळी उन्हातले, कासवाला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण बरेच अडवते आणि काच तर जवळजवळ सगळेच. दुपारी दारात टेबलफॅन लावतो, वारा दारातून आडवा जाईल असा, कासवाच्या अंगावर नाही. वाऱ्यात माशीला धड उतरता येत नाही.

कागदांचं तुम्ही विचारलं होतंत. दगडूची पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे. आपल्या इथलं स्टार कासव घरात ठेवणं हा मात्र सरळ गुन्हा आहे, तुमच्या ओळखीत कोणी ठेवलं असेल तर वनखात्याला कळवा.

पावतीवर तुम्ही लिहिलंत: "फवारणी केली नाही. शी दोनदा." आणि फक्त येण्याजाण्याचे पैसे लावलेत. पंप भरलेला होता, गिऱ्हाईक तयार होतं, दहा मिनिटांत हजार रुपये सुटले असते. चांगुलपणाबद्दल आपण फार मोठमोठं बोलतो. तो असाच असतो बहुतेक, चिखलात अनवाणी, घड्याळाकडे न बघता.

फाटकाशी आता एक जुनं खोकं ठेवलंय, येणाऱ्याचे बूट ठेवायला. परवा मीटर बघायला आलेला मुलगा कुरकुरला. काढले पण त्याने.

आपले,
दगडूच्या घरचे