रिम न विचारता ट्यूबलेस टायर गळ्यात मारले, पैसे परत करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,
चॅटवर हेच चार वेळा लिहून झालं, दर वेळी नवीन माणूस येतो आणि दर वेळी 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', म्हणून आता ईमेल टाकतोय, पूर्ण वाचा एवढीच विनंती.

मी जळगावचा. रविवारी पहाटे पाचला निघून पद्मालयला नाहीतर भुसावळपर्यंत जाऊन येतो. सायकल साधी रोडबाईक, ७०० बाय २५ चे टायर (२५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी), आत ट्यूब. आमच्याकडे चाक जरा साईडपट्टीला उतरलं की सराटे, आणि सराटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. एका रविवारी दोन्ही चाकं बसली आणि मी पाळधीपासून सायकल ढकलत आणली, म्हणून तुमच्या चॅटवर विचारलं की काट्यांसाठी कुठला टायर घेऊ. उत्तर आलं, 'ट्यूबलेस घ्या सर, ७०० च्या कुठल्याही रिमला बसतो, हवा ११० पीएसआय ठेवा.' स्क्रीनशॉट जोडलाय. मी २८ चे दोन मागवले.

आमच्या मिस्त्रीने स्पोकच्या भोकांवर टेप मारला, वॉल्व बसवला, सीलंट (भोक आतून बुजवणारा पातळ पांढरा द्रव) ओतलं, कंप्रेसरने हवा मारली तर टायरची कडा धरेचना. तीनदा केलं. तिसऱ्यांदा फट्कन आवाज झाला आणि सगळं सीलंट ताकासारखं फरशीवर आणि त्याच्या पँटवर. तो म्हणे, "रिमच तशी नाहीये ना भो." कडा अडकून राहायला आत जो उंचवटा लागतो तो ट्यूबलेसच्या रिमला असतो, माझ्या जुन्या रिमला नाही, हे त्याला दहा मिनिटात कळलं. मग म्हटलं आत ट्यूब टाकून बसवू, तसंही चालतं, तर कडा इतकी टाईट की टायर चढवायचे दोन लिव्हर तुटले आणि ट्यूब चिमटून फाटली ती वेगळीच.

टायर खराब आहे असं माझं म्हणणं नाही बरं का. माझ्या मित्राची रिम ट्यूबलेसची आहे, त्याला सराटा घुसला, काटा उपटला, पांढरा थेंब आला आणि चाक दोन फेऱ्या फिरलं तोवर भोक बंद, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यालाही दर दोन-तीन महिन्यांनी सीलंट बघावं लागतं, इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आतलं लॅटेक्स लवकर सुकतं. तुमच्या पेजवर याबद्दल एक ओळ नाही. आणि ११० पीएसआय? टायरच्या बाजूला त्यापेक्षा कमी कमाल आकडा छापलाय, तो तरी वाचायचा. मला खरं तर २८ चा साधा क्लिंचर, म्हणजे ट्यूब टाकायचा टायर, आत काटे अडवणारा पंक्चर बेल्ट असलेला, एवढाच पाहिजे होता, एक प्रश्न विचारला असता तर झालं असतं, 'रिम कुठली?'

आता रिटर्न नाकारताय, कारण 'माल वापरलेला'. अहो, एक किलोमीटर पण चाललेला नाही, आणि बसवून बघितल्याशिवाय बसत नाही हे कळणार कसं?

दोन टायरचे ५,६०० आणि सीलंट, टेप, वॉल्वचे १,४५० असे ७,०५० रुपये परत करा, किंवा वर सांगितलेले क्लिंचर पाठवून उरलेले पैसे द्या. मिस्त्रीची मजुरी मागत नाही, त्याने घेतलीच नाही, उलट चहा पाजला. १५ दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करीन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, बिल आणि चॅट सगळं जपून ठेवलंय.

टायर धुऊन पुसून बॉक्समध्ये भरून ठेवलेत. कुरिअरवाल्याला पाठवाल तर सकाळी अकराच्या आत पाठवा, दुपारच्या उन्हात नको, तोही माणूसच आहे.

आपला ग्राहक,
जळगाव