पाऊस येणार का, हे विचारू नकोस

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रेसिंग टीमने हवामानाची जबाबदारी तुझ्या गळ्यात घातली हे वाचून आनंद झाला, आणि थोडी कीवही आली. अंदाज खरा ठरला की ड्रायव्हर हुशार, आणि खोटा ठरला की तुला ढग दिसत नाहीत! याची आताच सवय करून घे.

कोणतं अॅप भरवशाचं, असं तू विचारलंयस. रडारचं चित्र लवकर दाखवणारं कुठलंही घे, त्याने फार फरक पडत नाही. त्याआधी एक काम कर. तुमची स्ट्रॅटेजी ठरवणाऱ्या माणसाशेजारी तासभर बस आणि त्याला विचार, की बाबा रे, तुला कोणत्या वेळी काय ठरवायचं असतं, आणि एकदा ठरवलं की ते किती वेळ फिरवता येत नाही? हे कळल्याशिवाय रडार उघडूच नकोस. ‘पाऊस येणार का’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्या काही कामाचं नसतं. तो विचारतो तसंच, पण त्याला हवं असतं दुसरंच.

फॉर्म्युला वनचीच उदाहरणं देतो, त्या शर्यती आपण दोघांनीही पाहिल्या आहेत. गाडी स्लिक, म्हणजे सुक्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवर आहे आणि थेंब पडू लागलेत. टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेत आलं तर बऱ्याच ट्रॅकवर वीसेक सेकंद जातात. तसंच रेटत राहिलं तर ओल्या ट्रॅकवर दर लॅपला पाच, आठ, दहा सेकंद जातात, नाहीतर गाडीच भिंतीत जाते. आता सर दोन लॅपची असेल, तर एकदा इंटरमीजिएट, म्हणजे बेताच्या पावसाचे टायर घालायला आणि एकदा ते काढायला येण्यात चाळीस सेकंद फुकट. तीच सर दहा लॅप टिकणार असेल तर न येणारा मूर्ख. म्हणजे पाऊस सुरू कधी होणार यापेक्षा बहुतेकदा तो किती टिकणार आणि किती जोराचा असणार, यावर सगळं अडलेलं असतं. आणि नेमकं तेच सांगणं सगळ्यांत अवघड. येणाऱ्या सरीची पुढची कड रडारवर स्वच्छ दिसते. तिच्या मागे नवी सर तयार होतेय का, हे मात्र ती तयार झाल्यावरच दिसतं.

२०२३ च्या मोनॅकोत अलोन्सो दुसऱ्या क्रमांकावर होता. पाऊस सुरू झाल्यावर टीमने त्याला आत घेतलं आणि मीडियम, म्हणजे सुक्याचेच टायर दिले. शिडकावा निघून जाईल असा त्यांचा हिशेब होता. लगेच पुढच्या लॅपला त्याला इंटरमीजिएटसाठी परत यावं लागलं. मागच्या गाड्या बऱ्याच लांब होत्या म्हणून दुसरा क्रमांक टिकला. पाऊस आहे हे तेव्हा पिटवॉलवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला बसून निर्णय घेणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं, फक्त तो किती टिकेल हा अंदाज फसला.

रशियातल्या सोचीच्या २०२१ च्या शर्यतीची आठवण काढली तर नॉरिसचे चाहते अजून हळहळतात. ५३ लॅपची शर्यत, शेवटचे काही लॅप उरलेले, नॉरिस पहिला, मागे हॅमिल्टन. भुरभुर सुरू झाली. हॅमिल्टनला टीमने पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तोही आला नाही, हे लोक विसरतात. दुसऱ्यांदा आला. नॉरिस बाहेरच राहिला, पाऊस वाढला, गाडी घसरली आणि तो सातवा आला. हॅमिल्टनचा तो शंभरावा विजय. नॉरिसला दोष देणं सोपं आहे, पण मला कायम वाटतं की अशा वेळी ड्रायव्हरला ‘आत ये’ किंवा ‘बाहेर राहा’ एवढंच सांगून भागत नाही. त्याला कॉकपिटमधून फक्त समोरचं वळण दिसतं. ‘हा पाऊस कमी होणार नाही, पुढच्या दोन लॅपमध्ये वाढेल’ हे वाक्य त्याच्या कानात वेळेत पडायला हवं, आणि ते वाक्य पुरवणं हे तुझं काम.

याची उलट बाजू पाहायची तर ब्राझीलमधलं इंटरलागोस, २००८. शेवटच्या लॅपमध्ये हॅमिल्टनने ग्लॉकला मागे टाकलं आणि मासाच्या हातून एका गुणाने विजेतेपद गेलं. ओल्या ट्रॅकवर स्लिक टायर घालून धावणाऱ्या ग्लॉकला त्यानंतर लोकांनी काय काय म्हटलं! पण त्याच्या टीमच्या, टोयोटाच्या जागी बसून बघ. बाकीचे टायर बदलायला आत गेले म्हणून तो चौथा झाला होता आणि शेवटी सहावा आला. त्यांच्या दृष्टीने तो जुगार सपशेल फसलेला नव्हता. पाऊस आणखी एक मिनिट थबकला असता तर त्याच निर्णयाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणून शर्यत संपल्यावर निकालावरून अंदाज तोलू नकोस, इतरांनाही तोलू देऊ नकोस.

आता रडार. बहुतेक ठिकाणी चित्र पाच मिनिटांनी बदलतं आणि तुझ्या पडद्यावर येईपर्यंत तेही शिळं झालेलं असतं. ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकणारी सर पाच मिनिटांत तीन किलोमीटरहून जास्त पुढे जाते. दीड मिनिटाचा लॅप धरला तर तेवढ्यात गाडीचे तीन लॅप होतात. म्हणजे तू पाहतोस ती सर आता तिथे नसतेच. दुसरी गोष्ट, रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते. अर्ध्या अंशावर सोडलेला झोत शंभर किलोमीटरवर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंच असतो. त्याच्या खाली बुटक्या ढगातून रिपरिप चालू असेल तर चित्र कोरडं दिसतं, आणि वरून पडलेला पाऊस खालच्या सुक्या हवेत विरून गेला तर चित्र ओलं दिसतं. तुमच्या प्रत्येक ट्रॅकपासून जवळचं रडार किती लांब आहे आणि मध्ये डोंगर आहे का, हे आधीच बघून ठेव.

सरीची दिशा ठरवताना पिटलेनमधल्या झेंड्यांकडे बघू नकोस. ढग वरच्या वाऱ्याने सरकतात, झेंडे खालच्या. दोघांच्या दिशा पुष्कळदा वेगळ्या असतात. रडारची मागची पाच-सहा चित्रं ओळीने लाव आणि ढग ज्या बाजूने येतायत त्या बाजूला दहा-पंधरा किलोमीटरवर एक माणूस फोन देऊन उभा कर. हा जुना उपाय आहे, आणि माझ्या मते अजूनही सगळ्यांत चांगला. पावसाचा पहिला थेंब त्याच्या डोक्यावर पडला की तुझ्या हातात पंधरा-वीस मिनिटं असतात, आणि तो ‘चष्म्यावर चार थेंब’ म्हणतोय की ‘समोरचा रस्ता दिसत नाही’ म्हणतोय, यावरून टायरही ठरतो.

गडगडाटी ढगांची गोष्ट निराळी. ते चालत येत नाहीत, जागेवरच फुगतात. सरकणाऱ्या सरीचं गणित त्यांना लागू पडत नाही. मलेशियातल्या सेपांगमध्ये दुपार कलली की हेच व्हायचं. २००९ मध्ये युरोपातल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी तिथली शर्यत संध्याकाळी पाचला सुरू केली, म्हणजे नेमकी ढग फुटण्याच्या वेळी. फेरारीने पाऊस येण्याआधीच राइकोनेनला मुसळधार पावसाचे टायर घातले आणि कोरड्या ट्रॅकवर त्यांची वाट लागली. नंतर पाऊस असा कोसळला की शर्यत थांबवावी लागली, अंधार पडला म्हणून पुन्हा सुरूच झाली नाही, आणि ३१ लॅपच्या निकालावर निम्मे गुण वाटले. पाऊस येणार हे फेरारीला बरोबर कळलं होतं, वेळ तेवढी चुकली. अशा दिवशी मिनिटं सांगायच्या फंदात पडू नकोस. त्याऐवजी हवा बघ. वारा अचानक फिरला, गार झोत आला, तापमान झरकन उतरलं, तर ढगातून सुटलेला वारा तुझ्यापर्यंत पोचलाय आणि पाऊस बहुधा फार लांब नाही.

लोकांना वाटतं मोठी वादळं सांगणं कठीण आणि छोटी सर सोपी. खरं तर उलटं आहे. २०१९ मध्ये हगिबिस वादळ येणार म्हणून जपानमधल्या सुझुकाचा शनिवार आदल्या दिवशीच रद्द केला आणि क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी, रविवारी सकाळी घेतलं. शेकडो किलोमीटरचं वादळ संगणकाच्या हवामान मॉडेलला कित्येक दिवस आधी दिसतं. पाच किलोमीटरची सर दिसत नाही. बेल्जियममधलं स्पा तर सात किलोमीटरचा ट्रॅक, आर्देनच्या डोंगरात, एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला धूळ. तिथे ‘ट्रॅकवर पाऊस’ असं बोलूच नये, वळणाचं नाव घ्यावं.

शनिवारी द्यायचा रविवारचा अंदाज मात्र मॉडेलचाच, आणि तिथे तुझं वजन जास्त आहे. क्वालिफाइंगपासून गाडीचा सेटअप जवळपास कुलूपबंद होतो. रविवारी पाऊस धरून पंख (गाडीला हवेने खाली दाबणारा) जास्त लावला आणि ऊन पडलं, तर सरळ रस्त्यावर मागचे सगळे पुढे निघून जातात. युरोपच्या हवामान अंदाज केंद्राचं मॉडेल सुरुवातीची परिस्थिती किंचित बदलून एकाच दिवसाचे ५१ अंदाज काढतं. त्यातल्या ३० मध्ये पाऊस असेल तर लोक ‘साठ टक्के’ म्हणून मोकळे होतात. तू तिथे थांबू नकोस. त्या तिसांत पाऊस तीन वाजताच पडतोय, की दिवसभर विखुरलाय? तीन वाजताच पडत असेल तर दोन वाजता सुरू होणाऱ्या शर्यतीचा पूर्वार्ध कोरडा धरता येतो. टक्के तेच, निर्णय वेगळा.

आणखी एक गोष्ट, पाऊस मिलिमीटरमध्ये मोजून भागत नाही. स्पा २०२१ ला पाऊस काही प्रलयंकारी नव्हता. पण मुसळधारचा एक टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी उडवतो असं टायर बनवणारी पिरेली सांगते. चार टायरचे ३४० लिटर, एका गाडीचे! मागच्याला समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. तास न् तास थांबून सेफ्टी कारमागे, म्हणजे सगळ्यांना हळू चालवणाऱ्या आयोजकांच्या गाडीमागे थोडी चक्कर मारली, एका लॅपच्या आधारे निकाल लावला, निम्मे गुण दिले. त्याला शर्यत म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. त्यामुळे पाण्याबरोबर दृश्यतेबद्दलही बोल, आणि ढगांच्या उंचीबद्दलही. २०२० मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला शुक्रवारचा सगळा सराव बुडाला तो पावसाने नाही. धुक्यामुळे वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं.

उन्हाचंही बघायला लागेल. कतार २०२३ ला ड्रायव्हर गाडीत अक्षरशः आजारी पडले. त्यानंतर नियम आला, की उष्णता निर्देशांक ३१ अंशांवर जाणार असा अंदाज असेल तर आयोजक तसं जाहीर करतात. पहिल्यांदा ते सिंगापूर २०२५ ला झालं. आणि ढग सूर्यावरून सरकला की डांबराचं तापमान भराभर उतरतं, टायरची पकड बदलते. थेंबही न पडता शर्यत फिरते ती अशी. वाऱ्यावर तुमच्या इंजिनिअरला तुझ्याहून जास्त कळतं, त्याला फक्त दिशा आणि झोताचा जोर दे. ब्रेक मारताना वारा मागून आला की गाडीला खाली दाबणारा हवेचा भार हलका होतो, पुढचं तो बघेल.

रेडिओवर ‘कदाचित’, ‘बहुतेक’, ‘वाटतंय’ हे शब्द बंद. ‘आठ ते बारा मिनिटांत, टर्न पाचच्या बाजूने, इंटरमीजिएट लागेल इतका, वीस मिनिटं टिकेल, खात्री दहापैकी सात’ असं एका दमात बोल. कशामुळे मत बदलशील तेही जोड: ‘लांब उभ्या माणसाकडे तीन मिनिटांत थेंब पडले नाहीत तर मागे घेतो.’ काही बदललं नसेल तर ‘बदल नाही’ हेही दर काही मिनिटांनी सांग, नाहीतर तुझ्या गप्प बसण्याचा प्रत्येकजण सोयीचा अर्थ काढतो.

आणि वही ठेव. प्रत्येक अंदाजापुढे टक्के लिही, नंतर पाऊस आला की नाही ते लिही. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये गुण द्यायची साधी रीत सांगितली: पाऊस आला तर एक, नाही तर शून्य, त्यातून तू सांगितलेली शक्यता वजा कर आणि वर्ग कर. सत्तर टक्के म्हणालास आणि आला, तर ०.०९. नाही आला तर ०.४९. सरासरी जितकी कमी तितका तू चांगला. नुसती सरासरी पाहू नकोस, तू सत्तर म्हणतोस तेव्हा खरंच दहापैकी सातदा येतो का, तेही बघ. नवे लोक भीतीपोटी पाऊस जास्तच सांगतात असा माझा अनुभव आहे, कारण न सांगितलेला पाऊस पडला की शिव्या जास्त बसतात. ते टीमला कळलं की ते तुझ्या सत्तरला मनातल्या मनात पन्नास समजू लागतात, मग तुझा आकडा कामातून गेला.

पहिली शर्यत कुठल्या ट्रॅकवर आणि किती वाजता आहे ते लगेच कळव, म्हणजे तिथल्या रडारचं आणि डोंगरांचं आपण दोघं मिळून बघू. शुक्रवारी रात्री फोन कर, ५१ अंदाज पसरून बसू. लांब उभं राहायला माणूस मिळत नसेल तर तेही सांग, माझा एक पुतण्या मोकळाच आहे आणि त्याला पावसात भिजायला आवडतं.

तुझा,
शिरीष