बॉयसी की स्पोकॅन: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेले तीन रविवार तुम्ही फोनवर एकच विचारताय, "काय ठरलं गं?" आणि मी दर वेळी "बघतोय अजून" म्हणून फोन आईकडे द्यायला सांगते. तुम्हाला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि हे घाईत सांगण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

ठरलंय. आम्ही अमेरिकेतच, पण आयडाहो राज्यातलं बॉयसी सोडून शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅनला जातोय.

पैशांचं आधी सांगून टाकते. आयडाहो राज्य आमच्या पगारातून 5.3 टक्के आयकर घेतं, केंद्राचा वेगळा. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाहीच. खरेदीवरचा कर मात्र तिकडे जास्त, स्पोकॅनमध्ये नऊ टक्क्यांच्या आसपास, इकडे सहा. पण इकडे तो डाळ-तांदळावरही लागतो (त्यातलं थोडं नंतर परत मिळतं), तिकडे किराणा करमुक्त आहे. घरं दोन्हीकडे महागली, बॉयसीत जास्त. एकूण स्पोकॅन थोडं परवडतं. शहरं आकारानं जवळजवळ सारखीच, 2020 च्या जनगणनेत बॉयसीची वस्ती 2,35,684 आणि स्पोकॅनची 2,28,989. नुसत्या हिशोबावर निर्णय घ्यायचा असता तर एवढे महिने लागले नसते.

मला खरं बोलायचंय ते तुमच्या मागच्या मुक्कामाबद्दल. आपण राहत होतो ते मेरिडियनला, बॉयसीच्या पश्चिमेला. नवी, स्वच्छ वसाहत, रुंद रस्ते, आणि चालत जाण्यासारखं काही नाही. पहिल्याच आठवड्यात बाबांनी घरामागची चारी शोधून काढली. त्या दिवशीचा तुमचा चेहरा मला आठवतो. आयुष्यभर नीरा उजव्या कालव्यावर पाळ्या सोडलेल्या माणसाला सातासमुद्रापार पाट सापडला होता! "आवर्तन किती दिवसांचं असतं गं इथं?" असं तुम्ही विचारलंत, आणि मला सांगता आलं नाही. मग तुम्हीच शोधलंत की एप्रिलात पाणी सुटतं आणि ऑक्टोबरात बंद होतं, मुख्य कालव्याचं नाव न्यूयॉर्क कॅनॉल आणि तो 1909 सालचा. ॲरोरॉक धरण बघायला गेलो तेव्हा 1915 मध्ये ते जगात सर्वांत उंच होतं, 348 फूट, हे वाचून तुम्ही भाटघरची आठवण काढलीत. कठड्याला हात लावून किती वेळ उभे होतात.

आणि मग त्या चारीच्या कडेनं फिरताना एकांनी थांबवून सांगितलं की हा रस्ता खाजगी आहे, इथून चालायचं नाही. सौजन्यानंच सांगितलं. तुम्ही घरी येऊन काही बोलला नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी बसू लागलात. चार महिने. आई देवळात जायचं तर माझ्या सुट्टीची वाट बघायची. भाजी आणायलासुद्धा मला किंवा जावयांना गाडी काढावी लागायची, आणि आम्ही दमलेले दिसलो की ती म्हणायची, "राहू दे, आहे घरात बटाटा." बस नव्हतीच म्हणावी इतकी तुरळक. आयडाहोच्या कायद्यानं शहरांना बससाठी स्वतःचा विक्रीकर बसवता येत नाही, त्यामुळे बॉयसीच्या बससेवेला कायम पैशांची चणचण. हे मला तेव्हा कळलं असतं तरी मी काय केलं असतं? पण तुम्ही विमानात बसलात त्या रात्री मी त्या खिडकीपाशी बसून बघितलं. समोर फक्त गॅरेजची दारं दिसतात.

बॉयसीवर अन्याय करायचा नाही. शहरातून नदी वाहते, तिच्या काठानं पंचवीस मैलांची पायवाट आहे, उन्हाळ्यात पोरं ट्यूबवर बसून प्रवाहाबरोबर जातात. राज्याचं विधानभवन जमिनीतल्या गरम पाण्यानं ऊबदार ठेवतात, अमेरिकेत असं एकमेव. तेव्हा आई म्हणाली होती, "म्हणजे वज्रेश्वरीसारखंच की." मायक्रॉन कंपनीमुळे आपली माणसं तिथं थोडीफार आहेत, हरे कृष्ण मंदिर आहे. शहराच्या जुन्या भागात, नॉर्थ एंडला, घर घेता आलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. तिथले भाव आमच्या आवाक्यात नाहीत. मी तुलना करतेय ती आम्हाला परवडणाऱ्या बॉयसीची, आम्हाला परवडणाऱ्या स्पोकॅनशी.

घर बघायला आम्ही गाडीनं गेलो, सातेक तासांचा रस्ता. रिगिन्स गावाच्या पुढे सॅमन नदीवरचा पूल ओलांडला की घड्याळ एक तास मागे जातं. लुइस्टनच्या पुढे पलूस नावाचा प्रदेश लागतो. नाव ऐकून तुम्हाला सांगली जिल्ह्यातलं पलूस आठवेल, मलाही आठवलं! गव्हाच्या टेकड्या, एकीला चिकटून दुसरी, लांबवर नुसत्या लाटा. त्या गव्हाबरोबर तिथं मसूर आणि काबुली चणे पिकवतात, परदेशी पाठवण्याइतके. पुलमनला मसुरीचा वार्षिक उत्सवसुद्धा भरतो. पाटाचं पाणी नाही बाबा, सगळं कोरडवाहू. हिवाळ्यातली ओल माती धरून ठेवते त्यावर. तुम्ही बरोबर असता तर दर दोन मैलांना गाडी थांबवायला लावली असती.

स्पोकॅनच्या ऐन मध्यात धबधबा आहे. शहराबाहेर नव्हे, बाजारपेठेला लागून. तिथं पूर्वी रेल्वेचे रूळ आणि यार्ड होतं. 1974 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते सगळं हलवलं आणि नदी लोकांना परत दिली. आता तिथं बाग आहे, पूल आहेत. एप्रिल-मेमध्ये डोंगरातला बर्फ वितळतो तेव्हा पुलावर उभं राहिलं की तुषार अंगावर येतात. आणि बाबा, तुमच्यासाठी खास गोष्ट अशी की हे शहर पितं भूगर्भातलं पाणी. हिमयुगाच्या शेवटी एक मोठं हिमसरोवर पुन्हा पुन्हा फुटलं, त्या पुरांनी हे खोरं गोट्या-वाळूनं भरून टाकलं. त्यातून पाणी आयडाहोकडून जमिनीखालून पश्चिमेला झिरपत येतं आणि पाच लाखांहून जास्त लोकांना पुरतं. माझं नवं काम याच पाण्याशी संबंधित आहे. तुमची विहिरीची नोंदवही मी लहानपणी भरायचे, त्याची आठवण झाली.

भाड्यानं बघितलेलं घर साउथ हिलवर आहे. जुनं, लाकडी, पुढे ओटा असलेलं. तिथून मॅनिटो पार्क आईच्या पावलांनी सात-आठ मिनिटं. मी घड्याळ लावून हळू चालून बघितलं. नव्वद एकरांची बाग, गुलाबांचा उतार, एक जपानी उद्यान, आणि लायलॅक. स्पोकॅनला लायलॅकचं शहरच म्हणतात, मे महिन्यात जांभळे घोस येतात आणि वास रस्त्यापर्यंत येतो. बाकं जागोजागी. कोपऱ्यावर बसचा थांबा, ज्येष्ठांना सवलत, बस थेट धबधब्याच्या बागेजवळ नेते. कुणाला न विचारता, चप्पल घालून निघालात की झालं. मला दुसरं काही नको होतं.

वाईट बाजूही सांगते, नंतर म्हणाल लपवलं. बर्फ खूप पडतो, वर्षाला सरासरी मीटरभराहून जास्त, बॉयसीच्या दुपटीहून अधिक. डिसेंबरात चार वाजता दिवस मावळतो. म्हणून हिवाळ्यात तुम्ही यायचंच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात जंगलांना वणवे लागतात आणि धूर दोन्ही शहरांत येऊन बसतो. त्यात डावं-उजवं नाही. आईच्या दम्याची मला तीच काळजी आहे. झोपायच्या खोलीत हवा गाळायचं यंत्र लावणार आहोत, आणि धूर फार झाला तर समुद्राकडे, सिॲटलला जाऊ. शहराच्या मध्यभागी बेघर माणसं रस्त्यावर दिसतात, बॉयसीपेक्षा जास्त. बघून वाईट वाटेल. आपली माणसं कमी आहेत, शीख गुरुद्वारा आहे, महाराष्ट्र मंडळ सिॲटलला, साडेचार तासांवर. गणपती घरीच बसवू.

दवाखान्याचं म्हणाल तर डॉक्टरांच्या दरडोई संख्येत आयडाहो अमेरिकेत अगदी तळाला आहे. स्पोकॅन आजूबाजूच्या मोठ्या भागाचं वैद्यकीय केंद्र आहे, हृदयाची मोठी शस्त्रक्रियाही तिथेच होते. बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर मी हे आधी बघितलं.

अजून एक सांगायचं होतं, बाबा. फादर्स डे याच गावात सुरू झाला, 1910 च्या जूनमध्ये. सोनोरा डॉड नावाच्या बाईंनी सुरू केला, कारण आई गेल्यावर वडिलांनी एकट्यानं सगळी भावंडं वाढवली होती. तुम्हाला असले दिवस आवडत नाहीत, माहीत आहे. तरी या जूनमध्ये तुम्ही तिथं असावं असं मला फार वाटतं.

आम्ही मार्चअखेर सामान हलवतोय. तुम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात निघा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत, म्हणजे दिवाळी घरी होईल. मुंबई-दुबई-सिॲटल आणि पुढे तासाभराचं विमान. सिॲटलला मी स्वतः घ्यायला येईन. व्हीलचेअर सांगून ठेवलीच पाहिजे आई, लाजू नकोस. बाबांची फाईल आणि तुझे इनहेलर हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. चालायचे बूट इथं घेऊ, तिकडून आणू नका. भाजणी आण, काळा मसाला आण. मसूर मात्र आणू नकोस, पलूसमधून पोतंभर घेऊन ठेवलाय.

तुमची,
चिमी