गाठ अवघड जागी असली तरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘गाठ अवघड जागी आहे, ऑपरेशन होणार नाही,’ एवढ्यावर यकृताच्या गाठीचे कित्येक रुग्ण सांगली-मिरजेतून घरी परततात. हा निकाल साध्या सोनोग्राफीवर देऊ नये. आधी ट्रायफेजिक सीटी (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) करावा आणि त्याची सीडी यकृताच्या सर्जनला दाखवावी. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, कारण गाठ कोणत्या शिरेला किती चिकटली आहे ते सीडीवरच नीट दिसते.

यकृताचे आठ भाग मानतात. सातवा-आठवा बरगड्यांआड, डायफ्रामखाली (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली) असतो. उजवी बाजू सोडवून यकृत डावीकडे वळवले की तो समोर येतो. गाठ फार मोठी असेल तर मात्र वळवतानाच ती फुटू शकते. तेव्हा यकृत आणि महाशीर (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) यांच्यामधून पट्टी ओवून यकृत समोरूनच विभागतात; ही पद्धत फ्रेंच सर्जन बेलघिती यांनी 2001 मध्ये मांडली. पहिला भाग सर्वांत नाजूक. तो महाशिरेलाच बिलगलेला असतो, तिथल्या बारीक शिरा एकेक बांधाव्या लागतात आणि एखादी उपटली तर काही क्षणांत पोट रक्ताने भरते. म्हणूनच यकृताचा रक्तपुरवठा 15 मिनिटे बंद, 5 मिनिटे चालू असा ठेवतात आणि भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम कमी राखतात.

पण खरा प्रश्न किती काढायचे यापेक्षा किती उरते हा आहे. निरोगी यकृत किमान 20 ते 25 टक्के, केमोनंतर 30 आणि सिरोसिसमध्ये (यकृत निबर, कडक झालेले असताना) 40 टक्के उरायला हवे. नाहीतर ऑपरेशन उत्तम होऊनही पुढे कावीळ वाढते, पोटात पाणी होते. उरणारा भाग कमी भरत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृताला रक्त आणणारी) आतून बंद करतात, म्हणजे दुसरी बाजू वाढते. मग 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा सीटी. नातेवाइकांना ही टाळाटाळ वाटते आणि ते रुग्णाला दुसरीकडे हलवतात. कृपया तसे करू नका.

3 सेंमीपर्यंतची गाठ सुईने जाळता येते. मात्र ती मोठ्या शिरेलगत असेल तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि गाठीची कड जिवंत राहते. तिथे कापून काढणेच बरे.

आणखी एक कळकळीची विनंती : सर्जनने पाहण्याआधी सुईने तुकडा काढू नका. सिरोसिसच्या रुग्णात सीटीचे चित्र स्पष्ट असेल तर त्याची गरज नसते, शिवाय सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडू शकतात.

– एक यकृत शल्यचिकित्सक, सांगली