रिपोर्ट घेऊन परत आलेल्या ताईंना

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून पोरांत येणारा रक्ताचा आजार, त्याच्या संशोधनासाठी आमच्या गावात येणाऱ्या ताईंना नमस्कार.

आमच्याकडे रक्त घ्यायला आधीही माणसं आली होती. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल लावलं, पोरांच्या बोटाला सुई टोचली, नावं लिहून घेतली आणि गेली ती गेलीच. म्हणून तुम्ही आलात तेव्हा निम्म्या टोलीने दारं लावून घेतली. तुम्ही राग धरला नाही. अंगठा घेण्याआधी कागद मराठीत वाचून दाखवला. रक्त दिलं नाही तरी पोराचं औषध थांबणार नाही, हेही बजावून सांगितलं. आणि मुख्य म्हणजे रिपोर्ट घेऊन परत आलात. आभार मानायचे ते त्याचेच.

रिपोर्ट काही आनंदाचा नव्हता. पोरगा एसएस, म्हणजे आजारी. आम्ही दोघं नवराबायको एएस, म्हणजे स्वतः आजारी नाही, पण आजाराचा अंश अंगात. तान्हा होता, काही महिन्यांचा, तेव्हापासून त्याची हातापायाची बोटं सुजायची, रात्र-रात्र रडायचा. कोणी वात म्हणे, कोणी बाहेरचं. सासूबाईंचं ठरलेलं, "आमच्या घराण्यात असं कोणालेच नाही, हे तिच्या माहेरचं." तुम्ही वाद घातला नाही. सुपातले तुरीचे आणि लाखोळीचे दाणे घेतले. माझ्या मुठीत एक तूर, एक लाखोळी. ह्यांच्या मुठीतही तेच. दोन्ही मुठींतून एकेक दाणा सासूबाईंनाच काढायला लावला. दोन्हीकडून लाखोळी आली तर मूल आजारी. दर बाळंतपणाला दाणे परत मुठीत. म्हणजे चारात एकाची शक्यता, पण दर वेळी नव्याने. एक आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. बुढी बराच वेळ दाणे काढत बसली. तेव्हापासून माझ्या माहेराचा उद्धार बंद झाला. तुम्हाला हे कोणी कळवलं नसेल, म्हणून लिहिते.

जन्मल्यावर पहिले काही महिने पोरगा ठणठणीत कसा होता, हे मला कोडंच होतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते असेपर्यंत त्रास होत नाही आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने तेच पुन्हा वाढतं, हे तुम्ही समजावलं. त्यानंतर मी गोळी कधी चुकवली नाही. रक्त तपासायलाही नेते, कारण गोळीने पांढऱ्या पेशी उतरू शकतात. ताप आला की घरगुती काढा नाही, थेट दवाखाना. गुरुजींना तुम्ही चिठ्ठी दिली होती, की ह्याला वर्गात पाणी पिऊ द्या आणि लघवीला जायला अडवू नका. साधी गोष्ट, पण त्याचं शाळेत जाणं त्यामुळेच टिकलं.

१ जुलै २०२३ पासून सरकारचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा म्हणतात. चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या आजारांचं संशोधन केंद्रही झालं. होऊ द्या, चांगलंच आहे. पण तपासणीचं कार्ड वाटून आकडा भरतो. त्याचा अर्थ कोणी ओसरीवर बसून सांगितला, तरच घराला कळतो.

धाकट्या दिराचं यंदा जमवायचं आहे. तोही एएस निघाला, म्हणून मुलीकडच्यांना आधी तपासणी करायला सांगितली आहे. ते थोडे बिचकले आहेत. तुम्ही एकदा बोललात तर बरं होईल. आणि पुढचं शिबिर रोवणीत ठेवू नका, ताई. तेव्हा सारं गाव बांधीत असते. धान कापून झाल्यावर या, या वेळी दारं उघडी राहतील.

तुमची,
सिंदेवाही तालुक्यातली एक आई