डॉ. श्रीराम लागूंना, शाळेतल्या एका बाईंकडून

आदरणीय डॉक्टर,

सगळे तुम्हाला 'डॉक्टर'च म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणते. १७ डिसेंबर २०१९ ला तुम्ही पुण्यात गेलात, तेव्हा बातमी वाचून मी पान उलटलं होतं. ते आता मनाला लागतं.

मी पाचवी-सहावीला मराठी शिकवते. वर्गात साठ मुलं, खिडकीबाहेर वाहता रस्ता. अठरा वर्षं ओरडूनच शिकवलं. मग एकदा आवाज बसला तो उठेचना. स्वरयंत्रावर बारीक गाठी निघाल्या. औषध, व्यायाम आणि महिनाभर मौन.

त्या महिन्यात तुमचं 'वाचिक अभिनय' हे छोटं पुस्तक वाचलं आणि तुमच्या 'नटसम्राट' नाटकाचं चित्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. हो, ऐकलंच, डोळे मिटून. त्यातले म्हातारे नट अप्पा बेलवलकर म्हणजे गर्जना, असंच मी धरून चालले होते. पण तुम्ही कितीदा आवाज खाली आणता! नेमक्या शब्दाआधी थांबता. आणि वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद गिळत नाही. आम्ही बहुतेक जण तिथेच श्वास संपवून बसतो.

कान-नाक-घशाचा सर्जन, पुण्यात आणि टांझानियात काम केलेला. तो चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, सगळं सोडून पूर्णवेळ नट होतो आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात अप्पा बेलवलकर म्हणून उभा राहतो. घसा आतून पाहिलेल्या माणसाने त्याच घशावर एवढा भार घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पडद्यावर तर तुम्ही आमच्यातलेच झालात. 'पिंजरा'तले मास्तर सगळ्यांना आठवतात. मला मात्र 'सामना'तले जवळचे वाटतात, निळूभाऊ फुल्यांच्या हिंदुरावापुढे एकच प्रश्न धरून बसलेले.

जूनमध्ये शाळेत परतले. फळ्याला पाठ टेकून उभी राहिले, गलका चालू असतानाच थांबले, आणि हळू आवाजात कवितेची पहिली ओळ म्हटली. क्रियापदापर्यंत, पूर्ण. शेवटच्या बाकावर एक मुलगा कंपासपेटी वाजवत होता. त्याने तिच्यावर हात ठेवला आणि ऐकायला पुढे वाकला.

त्या संध्याकाळी घसा दुखला नाही. घरी आल्यावर आईशी फोनवर तासभर बोलले.

मनापासून आभार, डॉक्टर.

आपली,
मराठीच्या बाई